छाती बेचाळीस, मिशी झुपकेदार

ऑपरेटरबाईंनी सकाळी पडदा सारला आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभा असलेला माणूस त्यांना दिसला. काळा, उंच, खांदे रुंद. मान जवळजवळ नव्हतीच. एक हात कमरेवर आणि तोंड थेट यांच्या खिडकीकडे.

बाईंनी पडदा ओढून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी प्यायल्या आणि परत येऊन फटीतून पाहिलं. माणूस तिथेच. चहा झाला, चहात धरलेलं बिस्कीट विरघळून तळाशी गेलं, तरी माणूस तिथेच. दुपारी टळटळीत उन्हातही तो जागचा हलला नाही. संध्याकाळी अंधारून आलं तसा तो दिसेनासा झाला, तेव्हा मात्र बाई खुर्चीतून उठल्या. दिसत नाही म्हणजे गच्चीवरून उतरला. आणि उतरला तो गेला कुठे?

बाईंनी दाराला कडी घातली, कडीला खुर्ची लावली, आणि खुर्ची हलकी वाटली म्हणून तिच्यावर पिठाचा डबा ठेवला.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून त्यांनी इतक्या लोकांचे इतक्या लोकांशी फोन जोडून दिले, की आवाज ऐकला की माणूस खरं बोलतोय का, बाजूला कोण उभं आहे, हेही त्यांना कळे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, यजमान गेले, मुलगा परगावी स्थायिक झाला. पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत अजून ऑपरेटरबाईच म्हणायची.

कान असे, म्हणून डोळ्यांचं कोणाला कळलं नाही. गेली दोनेक वर्षं बाईंना सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. आधी त्यांनी चष्म्याला दोष दिला. मग खिडकीच्या काचेला. वर्तमानपत्राचा बोळा आणि साबणाचं पाणी घेऊन त्यांनी ती काच इतकी घासली, की काचेच्या कडेला भरलेली लांबी सुटून आली. मग दिव्याला दोष दिला आणि मोठा दिवा लावला, तर त्याच्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. पण जिन्यात कोण आलं हे त्यांना पावलांवरून कळायचं, दूधवाला चप्पल घासत यायचा, खालचे टेलरमास्तर जिना चढताना खोकत यायचे. त्यामुळे बाई प्रत्येकाला दुरूनच नाव घेऊन हाक मारत आणि लोक म्हणत, "काय नजर आहे हो बाईंची या वयात!" झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलाचा फोन दर रविवारी येई.

"आई, डोळे कसे आहेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"एकटी राहू नकोस आता. इकडे ये. तुझ्यासाठी खोली तयार आहे."

ती खोली बाईंनी पाहिली होती. इस्त्रीचं टेबल आणि कॉम्प्युटर यांच्या मधोमध एक पलंग, उशाशी बैठकीतल्याच फोनचा जोडफोन. सूनबाई चांगली होती, नातवंडं गोड होती, पण त्या घरात बाईंना कुठलं बटण कुठे आहे हे माहीत नव्हतं. इथे डोळे मिटूनही चहा करता येत होता. खरं तर तसाच होत होता. डोळ्यांबद्दल एक अक्षर कळलं असतं तरी मुलगा दुसऱ्या दिवशी सामान बांधायला हजर झाला असता. म्हणून गच्चीवरच्या माणसाबद्दलही बाई फोनवर काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तो म्हणाला असता, आईला भास व्हायला लागले.

पण पोटातली भीती पोटात किती दिवस ठेवणार? तीन दिवस माणूस उभाच होता. चौथ्या दिवशी बाईंनी जिन्यातून हाक मारली, "टेलरमास्तर, जरा वर येता का? आणि येताना दार लावून या."

टेलरमास्तर खोकत वर आले. त्यांनी रस्त्याकडेच्या ओट्यावर, उन्हात मशीन मांडून जन्मभर कपडे शिवले होते. एका हाताने चाक आणि दुसऱ्या हातात सिगारेट. वर्षभरापूर्वी त्यांनी अचानक दुकान बंद केलं, कारण विचारलं तर म्हणत, "आता रेडिमेडचा जमाना आहे."

"तो बघा. समोर, गच्चीवर."

टेलरमास्तरांनी खिडकीत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाईंना वाटलं, उभ्या उभ्या झोपले की काय. खरं सांगायचं तर बाईंनी त्यांना बोलावलं होतं ते त्यांनी "छे हो, कुणी नाहीये तिथे!" असं म्हणावं म्हणून. तेवढं ऐकलं असतं तर त्या सुखाने झोपल्या असत्या.

"आहे," टेलरमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"खरंच आहे?"

"छाती बेचाळीस असेल."

बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. इतके दिवस तो एक काळा ठिपका होता. आता त्याला छाती आली.

टेलरमास्तर म्हणाले, अशा वेळी शिकलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या हेडसरांना बोलावणं गेलं. हेडसर शाळेचे मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर घराचे. मुलगा-सून दिवसभर कामावर असत, त्यामुळे मुख्याध्यापकपण चालवायला घरात समोर कुणी नसे. ते आले, हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभे राहिले, परीक्षेच्या वर्गावर नजर टाकावी तशी गच्चीवर नजर टाकली.

"मिशी आहे," त्यांनी निकाल दिला. "झुपकेदार."

"मला नाही दिसली मिशी," टेलरमास्तर म्हणाले.

"तुम्ही छातीच बघत होतात. आणि हातात काहीतरी आहे."

"काय?" बाईंचा आवाज चिरकला.

"ते बाईमाणसासमोर आत्ता सांगणं उचित होणार नाही."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथे तिघांनी मिळून तो मापं घेऊन शिवला होता. हेडसरांनी जाहीर केलं की आता डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. यावर कुणीच हसलं नाही. टेलरमास्तरांनी जिना सांभाळायचा, हेडसरांनी फेऱ्या मारायच्या, बाईंनी खिडकी सांभाळायची. शस्त्र म्हणून टेलरमास्तरांनी कापड मोजायचा लाकडी गज आणला. हेडसरांनी शाळेच्या कवायतीची शिट्टी आणि टॉर्च आणली.

पहिल्याच संध्याकाळी घात झाला. जिन्यातला दिवा गेलेला. टेलरमास्तर वळणावर गज घेऊन दबा धरून बसलेले. हेडसर फेरी मारत वर येत होते, पायरी दिसेना म्हणून त्यांनी टॉर्च लावली आणि ती नेमकी टेलरमास्तरांच्या तोंडावर आली. टेलरमास्तरांच्या डोळ्यांत पांढरा जाळ उसळला. जाळाच्या मागे काहीतरी भलंमोठं, काळं चालून येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि गज हाणला.

"चोर!" टेलरमास्तर ओरडले.

हेडसरांनी शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून टेलरमास्तरांना वाटलं, टोळी बोलावतोय. त्यांनी गज पुन्हा उचलला. हेडसरांनी त्यांची गचांडी धरली. दोघं भिंतीला घासत खाली तीन-चार पायऱ्या आले.

वर बाईंनी पिठाचा डबा उतरवला, खुर्ची बाजूला केली, दार बोटभर उघडलं. जिन्यात काही दिसत नव्हतं. पण कान जागेवर होते.

"थांबा! हात सोडा!" त्या किंचाळल्या. "ती शिट्टी हेडसरांची आहे! आणि तो खोकला टेलरमास्तरांचा! अहो, लाइन क्रॉस झालीय!"

दोघं थांबले. काळोखात नुसता धापांचा आवाज. हेडसरांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"आवाज तरी द्यायचा," टेलरमास्तर ओशाळून म्हणाले. "मला मिशी दिसली म्हणून मारलं."

हेडसरांनी आपल्या गुळगुळीत वरच्या ओठावरून हात फिरवला.

त्यानंतर बाईंनी बाहेर जाणं सोडलं. सकाळचं फिरणं बंद, बाजार बंद. दूधवाल्याने दार वाजवलं की त्या आतून त्याला तीन प्रश्न विचारत आणि उत्तरं बरोबर आली तरी दार उघडत नसत. डब्यातले टोस्ट संपत आले. दिवसा त्या पडद्याच्या फटीशी बसून असत आणि माणूस कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत असे. इतक्या उन्हात इतका वेळ उभा राहणारा माणूस किती क्रूर असेल, या विचाराने त्या पडद्याची फट आणखी बारीक करत. आपण मेलो तर किती दिवसांनी कुणाला कळेल, हाही विचार आला. त्याचं उत्तर त्यांनी काढलं: रविवारी. रविवारी फोन वाजेल, उचलला जाणार नाही, तेव्हा.

शेवटी हेडसरांनी कोपऱ्यावरच्या चौकीतून हवालदारांना आणलं.

हवालदारांचा आवाज जिन्याच्या तळापासून बाईंना ऐकू आला आणि ऐकूनच अर्धी भीती गेली. असा आवाज बाईंनी एक्स्चेंजमध्येही ऐकला नव्हता. हवालदारांची निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. ते खिडकीशी गेले, टोपी मागे सारली.

"हूं," ते म्हणाले.

"दिसला?"

"दिसला? अहो, ओळखला! सराईत आहे. मागे एकदा हातातून निसटला होता माझ्या."

बाईंची गेलेली अर्धी भीती आपल्या बहिणींना घेऊन परत आली. टेलरमास्तरांनी त्याला छाती दिली होती, हेडसरांनी मिशी. हवालदारांनी पूर्वायुष्यही दिलं.

हवालदारांनी खिडकीतून गर्जना केली, "ए! हात वर कर!"

रस्त्यावर जाणाऱ्या एका भाजीवाल्याने हात वर केले. गच्चीवरचा हलला नाही.

"बघा, मुरलेला आहे. चला."

"चला म्हणजे? आम्ही?" टेलरमास्तर म्हणाले.

"ओळख पटवायला साक्षीदार नकोत? बाई, तुम्ही पुढे."

"मी का पुढे?"

"तक्रारदार पुढे असतो," हवालदार म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला किंचित कंप बाईंच्या कानांनी टिपला. त्यांना वाटलं, हा सराईत गुन्हेगार भलताच भयंकर असणार.

रस्ता ओलांडणं हीच एक मोहीम झाली. चौघं कडेला येऊन उभे राहिले आणि कुणीच पाऊल टाकेना. प्रत्येक जण "तुम्ही आधी" म्हणायला लागला. पहाऱ्याच्या संध्याकाळनंतर बाई पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या. समोर नुसते रंगांचे ओघळ धावत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि कान लावला.

"मोटरसायकल येतेय, थांबा. तिच्यामागे टेम्पो. लोखंड भरलंय त्यात... गेला. आता चला!"

टेलरमास्तरांनी त्यांचा हात धरला, हेडसरांनी टेलरमास्तरांचा खांदा, हवालदारांनी हेडसरांचा कोट. अशी आगगाडी पलीकडे पोचली. इतक्या शहाण्या माणसांना आपला आधार का लागला, हा प्रश्न बाईंना पडला खरा. पण जिना समोर आला होता, पडलेला प्रश्न उचलायला वेळ नव्हता.

चौघं समोरच्या इमारतीचा जिना चढले. टेलरमास्तरांनी खोकला गिळला. गच्चीचं दार आलं. हवालदारांनी काठी सरसावली, दाराला लाथ घातली, आणि बाहेरच्या उन्हाचा लोट चौघांच्या डोळ्यांवर आदळला. सगळं पांढरंफटक. पांढऱ्याच्या मधोमध तो. काळा, रुंद, कमरेवर हात.

"हलू नकोस!" हवालदार ओरडले, डोळे मिटून धावले आणि त्यांनी त्याला कंबरेला मिठी मारली.

धप्प! मोठा पोकळ आवाज झाला. मग कडाड्. आणि मग बाईंच्या अंगावर गार पाण्याचा फवारा आला.

"वार केला! वार केला!" टेलरमास्तर किंचाळले आणि गज फिरवायला लागले.

"नाव काय तुझं?" हेडसर शिट्टीच्या मध्ये मध्ये विचारत होते. "पूर्ण नाव सांग!"

"हात धरा त्याचा! हात उखडून आलाय माझ्या हातात!" हवालदारांचा आवाज आता रडवेला झाला होता.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पळावं तर जिना कुठल्या बाजूला ते कळेना. सगळा आरडाओरडा चालू असताना त्यांना त्यातून एक आवाज वेगळा ऐकू आला. गुडगुड, गुडगुड. त्या थबकल्या. भीत भीत पुढे झाल्या, हात पुढे केला आणि त्या सराईताच्या छातीवर ठेवला. गार, गोल, गुळगुळीत.

"हवालदारसाहेब," त्या म्हणाल्या, "याच्या पोटात पाणी आहे."

एवढ्यात मागून पावलं आली. रबरी चप्पल, चालणारी बाई तरुण, आणि भडकलेली.

"काय चाललंय इथे? माझ्या केसांना साबण आहे आणि नळाचं पाणी गेलंय!"

"मागे व्हा ताई," मिठी न सोडता हवालदार म्हणाले. "आरोपी ताब्यात घेतलाय."

"ती पाण्याची टाकी आहे."

नुसतं पाणी वाहत होतं.

"टाकी?" टेलरमास्तर म्हणाले. "मग हा कमरेवरचा हात?"

"पाइप आहे वळलेला. प्लंबर त्याला एल्बोच म्हणतात, कोपर. नवीन बसवली ना आम्ही टाकी, जुनी फुटली म्हणून."

हवालदारांनी टाकीला हळूच सोडलं आणि हातातला तुटलेला एल्बो दोन्ही हातांनी त्या तरुणीला सादर केला. तिने चौघांकडे नीट पाहिलं असावं. मग तिच्या आवाजातला राग हळूहळू उतरला.

"मी डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर आहे," ती म्हणाली. "जरा इकडे बघा सगळे. किती बोटं आहेत?"

"दोन," टेलरमास्तर तत्काळ म्हणाले.

"तीन," हेडसर ठामपणे म्हणाले. "स्पष्ट तीन."

"चार," हवालदार म्हणाले. "पण त्यातलं एक संशयास्पद आहे."

"आणि आजी, तुम्ही?"

बाईंच्या तोंडून 'दोन' निघणारच होतं. पण आठ दिवसांच्या भीतीने त्या इतक्या दमल्या होत्या की खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "मला बोटं दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "हातही दिसत नाही. तुम्ही आहात एवढं आवाजावरून कळतं."

"बरोबर," सिस्टर म्हणाली. "मी हात वर केलेलाच नाही."

हे ऐकून हवालदार टाकीला टेकून खाली बसलेच. टाकीच्या भोकावर अंगठा दाबून पाणी अडवत त्यांनी पहिली कबुली दिली. नोकरीचे थोडे महिने राहिलेत, डोळ्यांचं कळलं तर घरी बसवतील, म्हणून वर्षभर चौकीत ऐकीव माहितीवर दिवस काढले. टेलरमास्तरांनी सांगितलं की सुईत दोरा जाईना म्हणून दुकान बंद केलं, रेडिमेडचा काही संबंध नाही. ऊन आणि सिगारेट दोन्हींनी मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून सिस्टरने विचारलं, उन्हात बसून काम? आणि सिगारेट? ते म्हणाले, "दोन्ही. भरपूर." हेडसर सर्वांत शेवटी बोलले. जन्मभर मुलांना 'नीट बघून वाच' म्हणत आलो, आता घरात मलाच कुणी तसं म्हणेल, याची लाज वाटली.

"मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत म्हणे," त्यांनी सारवासारव केली.

"ते फळ आहे का पिकायला?" सिस्टर म्हणाली. "आणि आजी, तुम्ही दवाखान्यात का नाही आलात?"

बाईंनी चष्मा काढला. "आले होते एकदा. चष्मा बदलायला म्हणून. तिथली मुलगी म्हणाली, साधं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी. सोबत कोण येईल? मी म्हटलं, सांगते. आणि परत आले." त्यांनी ओला चष्मा आणखी ओल्या रुमालाने पुसला. "मुलाला सांगितलं तर तो कायमचा घेऊन जाईल. दुसरं कुणाचं नाव सांगणार?"

यावर टेलरमास्तर खोकले. तो आता गिळायचा खोकला नव्हता. "वा! एका काल्पनिक माणसासाठी मी हेडसरांचं कपाळ फोडलं," ते म्हणाले, "आणि तुमच्यासोबत बाकावर बसायला येणार नाही होय?"

ठरलं ते असं, की एकेकाने ऑपरेशन करून घ्यायचं आणि बाकीच्यांनी सोबत जायचं. पहिला नंबर बाईंचा लागला. तक्रारदार पुढे असतो, असं तिघांनी एकमुखाने सांगितलं.

टाकीची भीती गेली आणि तिच्या जागी खरी भीती येऊन बसली. ऑपरेशनच्या सकाळी बाईंच्या हाताने चहाचा कप दोनदा लवंडला. डोळ्याला कुणी फुंकर मारलेली त्यांना सहन होत नसे. तिथे आता पातं लावणार. दवाखान्यात सिस्टरने डोळ्यांत थेंब घातले, डोक्याला टोपी घातली आणि त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावरून हवालदारांचा तो प्रचंड आवाज आला, "बाई, घाबरू नका! आम्ही इथेच आहोत!" मागून कुणीतरी त्यांना गप्प केलं.

आत चाकांच्या टेबलाचा आवाज, ट्रेमध्ये ठेवलेल्या हत्याराचा किणकिणाट, डॉक्टरांच्या हातमोज्याचा फट्ट. जन्मभर ज्या कानांवर बाई जगल्या, त्या कानांनी त्या दिवशी उच्छाद मांडला. प्रत्येक आवाजासरशी त्यांना वाटे, आता. उद्या काहीच दिसलं नाही तर? हे धुकंही गेलं तर? त्यांनी चादरीची कड मुठीत धरली.

"आजी, श्वास घ्या की," डॉक्टर म्हणाले.

"घेतेय. तुम्ही तुमचं बघा."

"माझं अर्धं झालं."

बाईंना ते खरं वाटलं नाही. दुखलं नव्हतं. प्रकाशाचे रंग एकमेकांत मिसळत होते, एक बारीक गुणगुण चालू होती, आणि मग तीही थांबली.

डोळ्यावर पट्टी लावून बाईंना बाहेरच्या खोलीत बसवलं. तेवढ्यात पलीकडून हेडसरांचा आवाज आला, अतिशय मायेने भरलेला. "झालं हो बाई, झालं. आता उठा. घरी जाऊ. टेलरमास्तर, त्या बाजूने धरा."

"मला कुठे नेताय?" एक अनोळखी बाई घाबरून म्हणत होती. "तुम्ही कोण?"

"गुंगी आहे अजून," हवालदार म्हणाले. "रिक्षा बोलावतो."

"हेडसर!" ऑपरेटरबाई खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्या. "राँग नंबर! मी इकडे आहे!"

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाईंनी डोळा उघडला आणि लगेच मिटून घेतला, इतकं सगळं एकदम आत आलं. भिंत निळी होती. सिस्टरच्या नाकावर तीळ होता. टेलरमास्तर आवाजावरून वाटत त्यापेक्षा बरेच लहानखुरे होते आणि त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली होती. हेडसरांच्या टेंगळाला जांभळा रंग होता. तिघं बाकावर ओळीने बसून, निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे यांच्याकडे तोंड करून होते. एक जण जरा भलतीकडेच.

"बाई, दिसतंय का हो?" हवालदारांनी विचारलं.

"दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि त्या डोळ्यात पाणी येऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यामुळे घाईघाईने टेलरमास्तरांची बटणं नीट करायला लागल्या.

रविवारी फोन वाजला. बाईंनी खुर्ची ओढून घेतली. हे बोलणं टाकी पकडण्यापेक्षा अवघड होतं. आता तो ओरडेल, मग काळजी करेल, मग गाडी घेऊन येईल आणि आपण त्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी जाऊन पडू. पण लपवाछपवीला त्या विटल्या होत्या.

"हे बघ, आधी ऐकून घे. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं."

"काय? कधी? आणि मला सांगितलं नाहीस? सोबत कोण होतं?"

"तिघं होते. त्यांना दिसत नाही, पण माणसं चांगली आहेत."

तो ओरडला, अपेक्षेप्रमाणे. एकटीने असे उद्योग करायचं हे वय आहे का, काही झालं असतं म्हणजे, वगैरे. बाई ऐकत राहिल्या. मग तो मध्येच थांबला. पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "दुखतं का गं?"

"नाही."

"डोळ्यात सुई टोचतात म्हणे."

"मला नाही टोचली. थेंब घालतात."

"आणि ते पातं समोरून येताना दिसतं का?"

बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. लोक दार लोटून बोलतात तेव्हा प्रश्न दुसऱ्याचा नसतो, हे एक्स्चेंजमधल्या कुणालाही माहीत असतं.

"कुणासाठी विचारतोयस?"

"ऑफिसातल्या एकासाठी."

"त्या एकाला दिवे कसे दिसतात?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "पसरलेले. कडी दिसतात भोवती. संध्याकाळी गाडी चालवताना समोरून कुणी दिवे टाकले की काही सेकंद सगळं पांढरं होतं."

गच्चीवरच्या माणसाने आठ दिवसांत घातली नसेल एवढी भीती या एका वाक्याने बाईंच्या अंगात उतरली. एवढासा पोरगा, शाळेत जाताना रस्ता ओलांडायला हात धरायचा. आता त्याचीही पन्नाशी उलटून किती वर्षं झाली होती.

"उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण त्यांनी तो कापू दिला. "रेल्वेने इकडे ये. डॉक्टर चांगले आहेत, सिस्टर समोरच राहते. सोबत माणूस लागतो, मी आहे. थेंब मी घालीन."

"अगं पण मी तुला इकडे आणणार होतो..."

"तुझ्यासाठी पलंग तयार आहे."

तो कसनुसा हसला. हसल्यावर लहानपणासारखं नाक ओढलं. "येतो. पण आई, हिला काही बोलू नकोस हं. ती उगाच घाबरेल. तिला यातलं काही माहीत नाही."

बाईंनी मान हलवली. लाइनवर तिसरा फोन उचललेला असला की आवाज जरासा पोकळ होतो. तो मघाचपासून, अगदी पहिल्या 'दुखतं का गं'पासून तसाच येत होता.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तिकिटं दोन काढ गं."

"काढली, आई," पलीकडच्या खोलीतून आवाज आला.